कंसातला न्यूट्रॉन

मोठे सर तळघराचा जिना उतरू लागले, तेव्हा ते तिसऱ्या पायरीवर असतानाच ती बातमी वर कँटीनमध्ये पोचली. साहजिकच होतं. बावीस वर्षांत ते कधी खाली उतरले नव्हते. त्या प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी लिफ्ट थांबायची, माणसं थांबायची, आणि एकदा तर पाहुण्यांबरोबर फोटो काढायचा म्हणून त्यांनी चालू प्रयोगाचा बीम, म्हणजे कणांचा झोतसुद्धा थांबवून ठेवला होता. तळघरात मोडक्या खुर्च्या होत्या, पाण्याचा पंप होता आणि कंसमामा होते. खुर्च्यांशी किंवा पंपाशी सरांचं काही काम असण्याची शक्यता नव्हती.

कंसमामा हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. छप्पन्न वर्षांचा, किरकोळ अंगाचा, स्वेटरच्या दोन्ही कोपरांना ठिगळ लावलेला हा गृहस्थ डेटा विभागाचा प्रमुख होता. विभागात दुसरं कोणी नसल्यामुळे त्या पदासाठी कधी चुरस झाली नव्हती. जगभरात अणूंच्या केंद्रकांवर जे प्रयोग होतात, त्यांचे पेपर वाचायचे, एकमेकांशी ताडून बघायचे, आणि शेवटी एका जाडजूड तक्त्यात लिहायचं की अमुक केंद्रकातली अमुक पातळी इतक्या ऊर्जेला आहे आणि तिची फिरकी, म्हणजे स्पिन, इतकी आहे, हे त्यांचं काम. पुरावा भक्कम असेल तर आकडा नुसता लिहायचा. पुरावा लंगडा असेल तर आकडा कंसात घालायचा. जगातले सगळे शास्त्रज्ञ तो तक्ता उघडायचे, हवा तो आकडा उचलायचे आणि तो कोणी लिहिला असेल असा विचारही मनात न आणता निघून जायचे. फक्त स्वतःच्या आकड्याभोवती कंस दिसला की मात्र त्यांना तळघराचा पत्ता आठवायचा.

मामांचे कंस प्रसिद्ध होते. त्यांच्या हाताखालून जो आकडा जायचा, तो बहुतेक वेळा कंसात अडकूनच बाहेर पडायचा. वरच्या पोरांनी त्यांचं नाव कंसमामा ठेवलं ते त्यामुळेच. पुढे त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, म्हणजे सख्खी भाची, त्याच प्रयोगशाळेत, सरांच्या हाताखाली पीएचडी करायला आली, आणि ते नाव इतकं फिट्ट बसलं की संचालकांच्या सेक्रेटरीनेही एका परिपत्रकात तेच टाईप केलं.

आता हा माणूस फक्त कामातच असा होता म्हणावं, तर तसंही नाही. त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. त्यांची ओळखही तिथल्याच उंच स्टुलावर झाली. तिने एक भिंग लावलं, मग दुसरं लावलं आणि विचारलं, "हे स्पष्ट की ते?" मामा म्हणाले, "दोन्हींचे आपापले फायदे आहेत." चाळीस मिनिटं हे चाललं. बाहेर सहा गिऱ्हाइकं ताटकळत होती. पुढे वर्षभराने तिनेच लग्नाचं विचारलं तेव्हा ते "बहुतेक हो" म्हणाले, आणि त्यातलं 'बहुतेक' तिने स्वतःच्या जबाबदारीवर गाळून टाकलं.

सरांचं प्रकरण काय आहे ते तिला जेवणाच्या टेबलावर कळलं.

"समज, एक जोडपं घाईघाईने रस्त्याने चाललंय," मामा म्हणाले. "एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. या जोडप्याला ड्यूटेरॉन म्हणतात. वाटेत एक घर लागतं, म्हणजे केंद्रक. ते घर न्यूट्रॉनचा हात धरून त्याला आत ओढून घेतं. प्रोटॉन बिचारा एकटाच पुढे सुटतो. तो कुठल्या दिशेला पळाला, किती वेगाने पळाला, हे नीट मोजलं, की न्यूट्रॉनला आत कितव्या मजल्यावर खोली मिळाली ते कळतं."

"आत जाऊनच बघावं ना."

"आत जाता येत नाही. त्यातून सरांची घरं जगावेगळी. जेमतेम पाव सेकंद उभी राहतात, मग ढासळतात. टेबलावर मांडून ठेवायला वेळच नसतो. म्हणून ते जोडप्याला प्लास्टिकच्या एका पातळ पापुद्र्यात बसवून ठेवतात आणि घरच उचलून त्याच्या अंगावर फेकतात."

बायकोने पोळीचा घास हातातच धरला. "आणि याचा तुम्हा लोकांना पगार मिळतो?"

"मिळतो. पण मुद्दा असा की सगळ्या पुस्तकांप्रमाणे त्या घरात न्यूट्रॉनने तिनाची फिरकी घेऊन बसायला हवं. सर म्हणतात, तो एकाची घेऊन बसलाय. म्हणजे मजल्यांची मांडणीच उलटी."

"मग? बसलाय का?"

"असेलही," मामा म्हणाले. "किंवा त्याने सरांचीच फिरकी घेतली असेल."

सरांना अशी काही शंका नव्हती. त्यांचा पेपर छापून आला, पाठोपाठ वर्तमानपत्रात 'अणूचे मजले उलटे!' असा मथळा आला, आणि खाली एका यंत्राला टेकून उभ्या असलेल्या सरांचा फोटो आला. ते यंत्र खरं तर हवा थंड करायचं होतं, पण फोटोत भारदस्त दिसत होतं. आता एका मोठ्या सन्मानासाठी त्यांचं नाव गेलं होतं. त्या अर्जात एक रकाना होता: 'सदर शोध प्रमाणित तक्त्यात समाविष्ट आहे काय?' तक्त्याच्या मागच्या पुरवणीत शोध समाविष्ट होता. फक्त कंसात होता.

म्हणून सर तळघरात आले होते. खोलीभर नजर फिरवून झाल्यावर ते दारावरची पाटी पुन्हा वाचायला मागे वळले. पाटीवर नुसतं 'डेटा' लिहिलं होतं. बावीस वर्षांत या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"काय डेटासाहेब," सर म्हणाले, "कसं काय?"

"ठीक असावं, सर."

"एक बारीकसं काम होतं. आमच्या त्या पातळीभोवती तुम्ही कंस घातलेत. नव्या आवृत्तीत तेवढे काढून टाका." खांद्यावरचा दोरा झटकायला सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"आलेखावर चारच बिंदू आहेत, सर."

"चार उत्तम बिंदू आहेत."

"हो. पण त्या चारांतून एकाच्या फिरकीची रेषाही जाते आणि तिनाचीही जाते."

"एकाची जास्त देखणी जाते. बघा ना तुम्हीच."

मामांनी बघितलं. ते गेले आठ महिने बघतच होते. "शिवाय त्या प्लास्टिकमध्ये कार्बन असतो," ते म्हणाले. "त्याच्यावर आपटूनही प्रोटॉन उडतात. ते वजा करायचे तर नुसत्या कार्बनवर वेगळं मोजावं लागतं. तुम्ही ते किती वेळ मोजलंत, हे पेपरात नाही."

"पुरेसा वेळ मोजलं."

"पुरेसा म्हणजे?"

"बीम बंद पडेपर्यंत," सर म्हणाले आणि उठले. ज्या खुर्चीवर ते बसले होते तिचा चौथा पाय त्याबरोबर निखळून पडला. "छे छे, तुम्ही अशा जागेत काम करता? काहीतरी केलं पाहिजे."

मामा "नाही" म्हणाले नाहीत. इतकं सरळ बोलायची त्यांना सवयच नव्हती. "बघतो," म्हणाले. सरांनी त्या 'बघतो'चा अर्थ आपल्या सोयीने लावला, आणि सोमवारी देखभाल विभागाची दोन माणसं येऊन मामांचं सगळं सामान तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. खोलीला खिडकी होती. खिडकीत झाड होतं. हवा थंड करायला रिमोट होता. आणि खुर्ची गोल फिरत होती.

हे सगळं कशासाठी चाललंय ते मामांना कळत नव्हतं असं नाही. पण खुर्ची खरोखरच फार छान फिरत होती. सहा आठवडे ते तिथे बसले. पहिल्या आठवड्यात त्यांनी दिवसातून वीसेकदा खिडकी उघडून बंद केली. दुसऱ्या आठवड्यात भेटायला आलेल्या माणसाकडे ते टेबल न हलवता, नुसते गर्रकन वळून बघू लागले. चौथ्या आठवड्यात त्यांनी बायकोला सांगितलं की विभागाचं महत्त्व वरच्यांच्या हळूहळू लक्षात येतंय. सहाव्या आठवड्यात नव्या आवृत्तीचा कच्चा मसुदा सगळ्यांच्या मेलवर गेला. त्यात सरांची पातळी होती आणि तिच्याभोवती दोन्ही कंस जिथल्या तिथे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच दोन माणसं आली. तिसऱ्या मजल्यावरचं छत गळतंय, म्हणाली. बाहेर महिनाभर ढगाचा ठिपका नव्हता. मामांनी छताकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि स्वतःच कीबोर्ड काखेत मारून खाली निघाले. तळघरातल्या त्या तीन पायांच्या खुर्चीला कोणीतरी दोरीने काठी बांधून दिली होती.

दुपारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे भाचीची आई. धाकट्या भावाशी बोलताना तिचा आवाज तो आठ वर्षांचा असताना जिथे होता तिथेच थांबलेला होता.

"काय रे, तुझ्या त्या दोन वाकड्या रेघांपायी माझ्या पोरीच्या आयुष्याचं मातेरं करणार आहेस का?"

"ताई, तिचा याच्याशी काही..."

"काही कसा नाही? तिची डिग्री त्या माणसाच्या हातात आहे. तो आता तिच्याशी बोलत नाही. तुला सख्खी भाची एकच. दुसऱ्या कोणाच्या आकड्याला घाल की तुझे कंस, जग एवढं मोठं आहे!"

ताईचं चुकत होतं असं मामांना म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी ते भाचीला कँटीनमध्ये भेटले. ती डब्यातला भात चमच्याने उगाच इकडून तिकडे सारत बसली होती. सरांच्या प्रयोगात चोवीस तासांच्या पाळ्या तिने केल्या होत्या, डिटेक्टरच्या तारा तिने जोडल्या होत्या, आणि संगणकावर एकेक प्रोटॉन तिनेच मोजला होता. पेपरात तिचं नाव नववं होतं.

"अगं, ते चार बिंदू..." मामांनी सुरुवात केली.

"मामा, मला विचारू नकोस."

"मी फक्त एवढंच..."

"नको म्हणतेय ना? तू विचारलंस तर मी खरं सांगेन. आणि माझ्या थिसिसवर अजून सरांची सही व्हायचीय."

ज्या माणसाने आयुष्यभर चांगल्या बिंदूंखालचे गाळलेले बिंदू हुंगून काढले, त्याला यातून काय समजायचं ते समजलं. पण तक्त्याचा नियम असा की जे छापलंय तेवढंच धरायचं. भाचीच्या तोंडावरचा रंग उडाला, हा काही छापील पुरावा नव्हे. त्यांनी तिच्या डब्यातला एक गाजराचा तुकडा उचलला आणि ताईची तब्येत विचारली.

सर मात्र स्वस्थ बसणाऱ्यातले नव्हते. त्यांच्या हाताखाली एक नुकता नोकरीला लागलेला, चलाख सहायक होता. त्याला त्यांनी जुने गठ्ठे उपसायला बसवलं. दोन आठवड्यांनी त्याला हवं ते सापडलं.

बुधवारच्या बैठकीत सगळी प्रयोगशाळा जमायची. त्या बुधवारी सर उठले आणि म्हणाले, "आज एक जुना, विस्मरणात गेलेला प्रयोग बघूया." पडद्यावर एक पिवळट पान आलं. मामा शेवटच्या रांगेत बसले होते. ते पान त्यांनी लांबूनच ओळखलं. त्यांच्याच पीएचडीचं पान होतं ते, सत्तावीस वर्षांपूर्वीचं. साधं, टिकाऊ केंद्रक, ड्यूटेरॉनचा मारा आणि बाहेर पडणारे प्रोटॉन. एक पातळी. आणि त्या पातळीच्या आलेखावर बिंदू होते तीन.

"मोजा," सर म्हणाले. "एक. दोन. तीन. आता आपला प्रमाणित तक्ता काय म्हणतो ते पाहू." दुसरं पान आलं. आकडा तिथे होता आणि त्याच्या अंगावर एकही कंस नव्हता. "अठरा वर्षांपूर्वी हे पान तपासून प्रमाणित कोणी केलं? खाली नाव आहे. सहीसुद्धा सुबक आहे." सर शेवटच्या रांगेकडे वळले. "डेटासाहेब, चार बिंदू कमी पडतात, पण तीन पुरतात, असं काही नवीन गणित निघालंय का? आम्हालाही शिकवा."

सभागृह खदखदून हसलं. सहायक सगळ्यात जोरात हसला, कारण त्याची नोकरी अजून कायम झाली नव्हती. मामा उभे राहिले. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "नाही, बरोबर आहे." मग खाली बसले. कोणाचं बरोबर आहे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

तळघरात येऊन त्यांनी कपाटातून स्वतःचा थिसिस काढला. आठवायला पुस्तकाची गरज नव्हती. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. यंत्राचा पंप दर दुसऱ्या दिवशी मोडायचा. चौथा बिंदू घ्यायला आणखी चार महिने थांबावं लागणार होतं आणि गाइड परदेशी निघाले होते. तीन बिंदूंमधून एक रेषा गेली. ती देखणी होती, असं त्यांनाही वाटलं होतं. पुढे नऊ वर्षांनी तक्ता करताना त्यांच्या वाट्याला नेमकं तेच केंद्रक आलं. त्या महिन्यात त्यांनी लोकांच्या चाळीस पातळ्यांना कंस घातले होते. स्वतःच्या पातळीपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला, थोडा वेळ थांबूनच राहिला, आणि मग पुढच्या ओळीवर गेला.

कीबोर्डावरची दोन बटणं दाबायला फार तर एक सेकंद लागतो. मामांना तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःला पटवलं की इतक्या जुन्या गोष्टीला हात लावणं बरं नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या केंद्रकावरचे बाकीचे सगळे पेपर वाचून काढले, कोणी आपल्याला दुजोरा दिलाय का ते बघायला. सहा जणांनी दिला होता, आणि सहाही जणांनी मोजमाप न करता तक्त्यातूनच आकडा उचलला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी निघायच्या आधी, कोट अंगात चढवून उभ्या-उभ्याच त्यांनी दोन्ही बटणं दाबली.

बायकोला सांगितलं तेव्हा ती दुकानातल्या भिंगांची पेटी पुसत बसली होती.

"म्हणजे ज्या पातळीवर तुम्हाला डॉक्टरेट मिळाली, तीच आता कंसात?"

"हो."

"म्हणजे गेली सव्वीस वर्षं मी ज्या डॉक्टरशी संसार केला, तोही कंसातलाच?"

मामांना हसावं की नाही कळेना. तिलाच हसू फुटलं, आणि मग तेही हसले, पण त्यांचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. ते तिच्या नजरेतून सुटणार नव्हतं; डोळे बघणं हा तिचा धंदाच होता. "येत्या बैठकीत सांगून टाका सगळ्यांना," ती म्हणाली. "निदान हसणाऱ्यांची तोंडं तरी बंद होतील." मामा बघतो म्हणाले. त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपण फार थोर आहोत असं दिसलं असतं अशी त्यांची समजूत होती. खरं म्हणजे त्यांना पुन्हा एकदा त्या सभागृहात उभं राहायची भीती वाटत होती.

नवी आवृत्ती छापून आली. तिच्यात दोन नवे-जुने कंस, वीस पानांच्या अंतराने, शांतपणे पडून होते. मामांच्या पातळीचा कंस जगात एकाही माणसाच्या लक्षात आला नाही. त्या केंद्रकात कोणालाच रस नव्हता.

सरांच्या कंसाचं मात्र सोनं झालं. सन्मान समितीचे अध्यक्ष मोठे विद्वान होते, पण त्यांचा विषय होता काँक्रीट. त्यांच्यापुढे तक्ता ठेवला गेला. हजारो उघड्याबोडक्या आकड्यांच्या गर्दीत त्यांना सरांचा आकडा दोन नाजूक कमानींमध्ये बसलेला दिसला. ते भारावले. मानपत्रात त्यांनी लिहिलं: 'प्रमाणित तक्त्याच्या संपादकांनी या शोधास विशेष चिन्हाने गौरविले आहे.' समितीत आणखी चार जण होते. त्यांतल्या दोघांना कंसाचा अर्थ माहीत होता. पण जेवणाची वेळ झाली होती.

समारंभाला सगळ्या प्रयोगशाळेला नेलं होतं. मानपत्रातलं ते वाक्य वाचलं गेलं तेव्हा सरांनी क्षणभर मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. मामा आणि भाची मागे भिंतीला टेकून उभे होते.

"मामा," भाची कुजबुजली, "विशेष चिन्ह!"

"टाळ्या वाजव," मामा म्हणाले. "सही व्हायचीय ना?"

सही झाली. सन्मानाच्या आनंदात सरांनी त्या आठवड्यात तीन थिसिसांवर सह्या केल्या आणि एकाचंही शेवटचं परिशिष्ट उघडलं नाही. भाचीच्या थिसिसच्या दोनशे सोळाव्या पानावर आलेख होता. त्यावर चार नव्हे, सात बिंदू होते. जादाचे तीन बिंदू डिटेक्टरच्या ज्या पट्ट्यांवर मोजले, त्या पट्ट्या गडबड करत होत्या, असं सरांनी ठरवलं होतं. गडबड एवढीच होती की ते बिंदू एकाच्या रेषेवर बसत नव्हते. तिनाच्याही बसत नव्हते, हे भाचीने खाली बारीक अक्षरात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. नुसत्या कार्बनवर किती वेळ मोजलं तेही लिहिलं होतं: पाच तास वीस मिनिटं.

डिग्री घेऊन ती दूरच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत गेली. तिथे बीम सरांच्या बीमपेक्षा शंभरपट जोरकस होता. तिने अर्ज केला, तेच केंद्रक मागितलं, आणि या वेळी नुसत्या कार्बनवर तब्बल दोन दिवस मोजलं. दोन वर्षांनी एका सकाळी तळघरातला फोन वाजला.

"मामा, बावीस बिंदू आहेत."

"आणि?"

"एक," ती म्हणाली. "एकदम स्वच्छ एक. शंका घ्यायला सुईच्या अग्राएवढीही जागा नाही. सर बरोबर होते रे! ते तीन बिंदू म्हणजे खरंच कार्बनची घाण होती. इतका राग येतोय मला, काय सांगू!"

"राग कशाला? उत्तर मिळालं ना."

"त्यांना काहीच माहीत नव्हतं, मामा. नुसतं हवं होतं म्हणून म्हणाले. आणि निघालं बरोबर!"

पेपर छापून आल्यावर मामांनी तक्ता उघडला, सरांचा आकडा शोधला आणि दोन्ही कंस स्वतःच्या हाताने पुसले. मग जिना चढून वर गेले. नियमाप्रमाणे कळवायला एक मेल पुरली असती. पण बावीस अधिक दोन वर्षांत ते आपणहून त्या खोलीत कधी गेले नव्हते, आणि आज जावं असं त्यांना वाटलं.

सरांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले. "मी तेव्हाच म्हणालो नव्हतो?"

"म्हणाला होतात."

"मग?"

"म्हणाला होतात, सर. पण तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं."

सरांनी भुवया वर केल्या. "म्हणजे काय? मी बरोबर होतो की नव्हतो?"

"होतात," मामा म्हणाले. "पण तसा मीही बरोबर होतो."

सर मोठ्याने हसले. त्यांना खरोखरच त्यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी चहा मागवला, मामांना स्वतःच्या हाताने साखर घालून दिली, आणि त्यांचं नाव काय ते अखेर विचारून घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत पसरलं की कंसमामा वर जाऊन सरांची माफी मागून आले. मामांच्या कानावर ते आलं तेव्हा ते खोडून काढावं असं त्यांना वाटलं. पण त्यासाठी पुन्हा जिना चढावा लागला असता.

महिन्याभराने भाचीची मेल आली. तिने मामांना न विचारताच एक अर्ज केला होता: मामांची ती जुनी पातळी नव्या यंत्रावर नीट मोजायची. यंत्राचा वेळ वाटून देणाऱ्या समितीने अर्ज फेटाळला होता. कारण एका ओळीत होतं: 'या पातळीची फिरकी वीस वर्षांपूर्वीच निर्विवाद ठरली आहे.' खाली तक्त्याचा संदर्भ होता. आवृत्ती जुनी होती, आणि संपादकाचं नाव मामांचं.

मामांनी ती ओळ दोनदा वाचली. मग डबा बाजूला सारून ते समितीला पत्र लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात 'कदाचित' चार वेळा आलं होतं, 'असे वाटते' तीन वेळा आणि 'अन्य मतेही संभवतात' एकदा. त्यांनी तो पुसला. दुसऱ्या मसुद्यात दीड पान इतिहास होता. मोडका पंप, परदेशी निघालेले गाइड, सगळं होतं. तोही पुसला. शेवटी जे गेलं ते असं होतं: 'ती पातळी मी मोजली. बिंदू तीन होते. ते पुरेसे नाहीत हे मला तेव्हाही माहीत होतं. कंस घालायला हवा होता, तो मी घातला नाही. कृपया मोजू द्यावे.'

खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. पत्र पाठवून झाल्यावर लगेच उत्तर आलं, पण ते यंत्राने पाठवलेलं होतं: आपला मजकूर मिळाला, पुढील बैठक सहा महिन्यांनी.

दुपार टळून गेली होती. मामांनी गार झालेला डबा उघडला, आणि दुकानात फोन लावून बायकोला पत्र वाचून दाखवलं. तिकडे कोणीतरी गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं होतं. तिने त्याला जरा थांबायला सांगितलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"पुन्हा एकदा वाचा," ती म्हणाली.